सिमेंटला पॉलिसी, मजुराला पंचनामा

“विमा आहे ना! इमारतीचा आहे.”

एका सरकारी बांधकाम कार्यालयातल्या बाबूने आम्हाला हे उत्तर दिले, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर अपराधीपणा नव्हता, कुचेष्टाही नव्हती. अर्जदाराचे शंकानिरसन केल्याचे समाधान होते. आम्ही विचारायला गेलो होतो ते मात्र माणसाबद्दल. सावली तालुक्यातल्या एका गावच्या बौद्ध मोहल्ल्यातला ३० वर्षांचा सेंट्रिंगचा मजूर एका सरकारी इमारतीवर फळ्या-बल्ल्या काढताना खाली पडला आणि दवाखान्यात नेईपर्यंत गेला. पोलिसांनी पंचनामा केला, आकस्मिक मृत्यूची नोंद झाली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मुकादम ५० हजार रुपये आणि टाईप केलेला एक कागद घेऊन घरी आला. बायकोने सही केली. कागदावर काय लिहिले होते, असे आम्ही नंतर विचारले तर ती म्हणाली, “मले कोनी वाचून नाही दाखवलं जी. सही करा म्हणे, पैसे भेटतीन म्हणे.”

चंद्रपूर-गडचिरोलीत काम करणाऱ्या कुठल्याही कार्यकर्त्याला ही गोष्ट नवी नाही. अशा वेळी आपण काय करतो? निवेदन देतो, निवेदन देतानाचा फोटो टाकतो, ‘कुटुंबाला पाच लाखांची मदत द्या’ अशी मागणी करतो. मदत! जणू कुणाच्या दयेवर जगायचे आहे. या मजुराच्या मृत्यूची भरपाई किती, हे कायद्याने आधीच ठरवले आहे. ती कुणी भरायची हेही ठरवले आहे. आणि तिच्या विम्याची अट कामाच्या निविदेतच छापलेली असते. हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. आम्हालाही परवापर्यंत नव्हते, हे कबूल करूनच पुढे लिहितो.

सार्वजनिक बांधकाम विभागाची कुठलीही जाडजूड निविदा उघडा. जिल्हा परिषदेच्या कित्येक निविदांतही तोच मजकूर सापडेल. कंत्राटदाराने कामाच्या पूर्ण किमतीचा, पूर्ण मुदतीचा विमा सक्तीने काढायचा आणि तो महाराष्ट्र शासनाच्या विमा संचालनालयाकडूनच. हे कार्यालय मुंबईत वांद्र्याला कलानगरसमोर म्हाडाच्या इमारतीत आहे. दुसऱ्या कुठल्याही कंपनीची पॉलिसी चालणार नाही. त्याच कलमात पुढे एक वाक्य असते : कामावरच्या सर्व मजुरांचा नुकसानभरपाईचा विमाही कंत्राटदाराने उतरवायचा. आणि त्याने विमा उतरवलाच नाही, तर संचालनालय सांगेल तेवढा हप्ता त्याच्या देयकातून कापून घेतला जाईल.

वाचताना बरे वाटते. सरकारने मजुराची काळजी घेतली म्हणायची. पण नीट बघा. पहिली पॉलिसी, जिला ‘कंत्राटदाराची सर्व जोखीम’ पॉलिसी म्हणतात, ती बांधकामाची असते. पूर आला, स्लॅब कोसळला, आग लागली तर सिमेंट-लोखंडाचे नुकसान भरून मिळते. तिच्या दुसऱ्या भागात ‘तृतीय पक्ष’ असतो, म्हणजे रस्त्याने जाणारा, शेजारच्या घरातला. मजूर या तृतीय पक्षात बसत नाही. कंत्राटदाराचे आणि मूळ मालकाचे कामगार या भागातून स्पष्ट वगळलेले असतात. म्हणजे इमारतीखालून जाणाऱ्या वाटसरूच्या डोक्यावर वीट पडली तर त्याला या पॉलिसीचे छत्र आहे, आणि ती वीट वाहून नेणाऱ्याला नाही. त्याच्यासाठी दुसरी, वेगळी पॉलिसी लागते. बाबूने आम्हाला पहिली दाखवली. दुसरी कुठे आहे, हे त्याला सांगता आले नाही.

दुसरी पॉलिसी मजुरीच्या बिलावर चालते. किती मजूर, किती मजुरी, हे कंत्राटदार स्वतः लिहून देतो. जितके कमी मजूर दाखवील तितका हप्ता कमी. शिवाय आपल्याकडे मोठा कंत्राटदार स्वतः मजूर ठेवतोच कुठे? तो काम पेटी कंत्राटदाराला देतो, पेटीवाला मुकादमाला, मुकादम गावातून पोरे गोळा करतो. पेटीवाल्याच्या मजुरांची मजुरी पॉलिसीत दाखवली नसेल, तर दावा आल्यावर पहिला प्रश्न हाच येतो की हा माणूस कुणाचा? जिवंतपणी चार जणांनी ज्याच्याकडून काम करून घेतले, तो मेल्यावर कुणाचाच नसतो.

आणि ती कपात! इथे खरी मेख आहे. विमा व्यवसायाचा साधा नियम असा की हप्ता आधी, जोखीम नंतर. १९३८ च्या विमा कायद्यातल्या कलम ६४ व्हीबीचा अर्थच तो आहे. समजा कार्यारंभ आदेश जूनमध्ये निघाला, मजूर ऑगस्टमध्ये पडला आणि कंत्राटदाराने विमा उतरवला नाही म्हणून जानेवारीच्या देयकातून हप्ता कापला. मग ऑगस्टमध्ये मेलेल्या माणसाला कुठल्या विम्याचे संरक्षण होते? कपात करून कार्यालयाचा कागद पूर्ण होतो, लेखापरीक्षणात आक्षेप येत नाही. वसुलीला संरक्षण समजण्याची ही चलाखी कित्येक वर्षे बिनबोभाट चालू आहे, कारण आक्षेप घेणारा मजूर वर नसतो आणि त्याची बायको वांद्र्याला जात नाही.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा, ज्याचे पुढे कर्मचारी नुकसानभरपाई कायदा असे नाव झाले, तो इंग्रजांच्या काळचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. आमच्या हातातले प्रकरण त्याआधीचे, म्हणून जुन्या कायद्याच्या भाषेत बोलतो. मृत्यूची भरपाई म्हणजे मासिक मजुरीच्या निम्मी रक्कम गुणिले वयाचा गुणक. ३० वर्षांचा गुणक २०७.९८. मजुरी महिन्याला १२ हजार धरली तर ६ हजार गुणिले २०७.९८, म्हणजे १२ लाख ४७ हजार ८८० रुपये. मजुरीची कमाल मर्यादा जानेवारी २०२० पासून १५ हजार आहे, तेवढी धरली तर १५ लाख ५९ हजार ८५०. एक महिन्याच्या आत दिले नाहीत तर वर १२ टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंड.

मुकादमाने आणले ५० हजार.

आणि त्या टाईप केलेल्या कागदाची किंमत? शून्य. मृत्यूची भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागते, कलम ८ प्रमाणे परस्पर घरी नेऊन दिलेले पैसे भरपाई मानलेच जात नाहीत. आगाऊ म्हणून तीन महिन्यांच्या मजुरीइतकी रक्कम देता येते, एवढेच. हक्क सोडून दिल्याचा करार कलम १७ ने रद्दबातल ठरतो. आपल्या किती आयाबहिणींना असे कागद घरच्या पेटीत जपून ठेवावेसे वाटतात, आणि ‘सही केली, आता काय होणार’ म्हणून त्या गप्प बसतात! दाव्याची मुदत दोन वर्षांची असते. गप्प बसण्यात ती निघून जाते.

याहून महत्त्वाची गोष्ट आहे ती मालकाची. जिल्हा परिषद, महानगरपालिका, नगरपंचायत नेहमी म्हणते, ‘मजूर आमचा नाही, कंत्राटदाराचा आहे.’ कलम १२ म्हणते की कंत्राटदारामार्फत काम करून घेणारा मूळ मालकही भरपाईला जबाबदार, नंतर त्याने ती कंत्राटदाराकडून वसूल करावी. पण हे कलम मालकाच्या ‘व्यापार-धंद्या’पुरते आहे, आणि जिल्हा परिषद काही धंदा करत नाही, असा युक्तिवाद वकील करतात. त्यांना कलम २ चे दुसरे उपकलम दाखवा. स्थानिक प्राधिकरणाचे आणि सरकारी विभागाचे अधिकार व कर्तव्ये बजावणे, हाच या कायद्यापुरता त्यांचा धंदा समजावा, असे तिथे लिहिले आहे. शंभर वर्षांपूर्वी! शाळा बांधणे हा जिल्हा परिषदेचा धंदा, आणि शाळेवरून पडलेला मजूर तिचा. नव्या संहितेतही मूळ मालकाची जबाबदारी कायम ठेवली आहे.

हे सगळे आम्ही एका चर्चेत मांडले, तेव्हा एका सुशिक्षित, भल्या गृहस्थांनी उपाय सुचवला. सार्वजनिक उपक्रम आणि मोठी महामंडळे निविदा काढून विमा दलाल नेमतात, तसा जिल्हा परिषदेने किंवा महानगरपालिकेने मोठ्या प्रकल्पासाठी नेमावा. तो सगळ्या पॉलिसी तपासेल, दावे लावून धरेल. आणि पैसाही लागणार नाही.

पैसा लागणार नाही, हे कसे? दलालाला संस्थेने वेगळे शुल्क द्यायचे नसते. त्याची दलाली विमा कंपनी देते, हप्त्यातून. हप्ता मोठा तर दलाली मोठी. मग कोट्यवधींच्या इमारतीच्या पॉलिसीकडे त्याचे लक्ष जाईल की चाळीस मजुरांच्या किरकोळ पॉलिसीकडे? परवाना केंद्राच्या विमा नियामकाचा असतो आणि कायद्याने तो ग्राहकाचा प्रतिनिधी असतो, हे खरे. पण ग्राहक कोण? जिल्हा परिषद किंवा कंत्राटदार. सावली तालुक्यातली ती विधवा त्याची ग्राहक नाही. उलट तिचा दावा मंजूर झाला तर त्याच्या ग्राहकाचे पुढच्या वर्षीचे हप्ते वाढण्याची शक्यता. तिच्या बाजूने तो का भांडेल?

ही नुसती शंका नाही, महाराष्ट्राने हे भोगले आहे. शेतकऱ्यांच्या अपघात विम्याची योजना २००५ पासून राज्यात होती, पुढे तिला गोपीनाथ मुंडे यांचे नाव दिले. शेतकऱ्याचा हप्ता सरकार भरायचे, मध्ये विमा कंपनी आणि विमा दलाल. आपल्या भागातल्या किती धान उत्पादक कुटुंबांनी सातबारा, फेरफार, वयाचा दाखला, शवविच्छेदन अहवाल यांच्या फायली घेऊन तालुका कृषी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या! अखेर एप्रिल २०२३ मध्ये सरकारनेच शासन निर्णय काढून कंपनी आणि दलाल दोघांनाही बाजूला केले आणि सानुग्रह अनुदान थेट द्यायचे ठरवले. कारण काय दिले? कंपन्या दावे वेळेत मंजूर करत नाहीत, विनाकारण त्रुटी काढून नाकारतात. हे आम्ही म्हणत नाही, सरकार म्हणते. शेतकऱ्याच्या दारातून काढलेला दलाल मजुराच्या दारात बसवायचा?

आपल्यातले काही जण विचारतील की विमा, निविदा हे आंबेडकरी चळवळीचे विषय कधीपासून झाले? त्यांना १९४७ ची आठवण करून द्यावी लागेल. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी बाबासाहेबांनी ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ हे निवेदन तयार केले. त्यात मूलभूत उद्योग आणि शेतीच्या बरोबरीने विमा होता. विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मजुरीच्या प्रमाणात आयुर्विमा राज्याने सक्तीचा करावा, अशी मागणी त्यांनी घटनेच्या कलमाच्या स्वरूपात लिहिली. कारणे दोन दिली. खासगी कंपनीपेक्षा माणसाला जास्त सुरक्षितता मिळते, कारण पैसे देण्याची हमी राज्याच्या सगळ्या साधनसंपत्तीची असते, आणि नियोजनासाठी राज्याला भांडवल मिळते. मजुरीच्या प्रमाणात, हे शब्द लक्षात घ्या. कामाच्या किमतीच्या प्रमाणात नाही. १९४२ ते ४६ या काळात मजूरमंत्री असताना कामगार विम्याच्या योजनेचे काम ज्यांच्या खात्यात चालले, त्या माणसाने हे लिहिले आहे.

१ सप्टेंबर १९५६ ला आयुर्विमा महामंडळ सुरू झाले. त्यानंतर दीड महिन्याने, १६ ऑक्टोबरला, बाबासाहेब चांद्याला आले आणि आपल्या आजोबा-आजींना धम्मदीक्षा दिली. सर्वसाधारण विमा १९७३ मध्ये सरकारी झाला आणि १९९९ च्या कायद्याने पुन्हा खासगी कंपन्यांना खुला केला. परकीय भांडवलाची मर्यादा २६ टक्क्यांवरून ४९, मग २०२१ मध्ये ७४ झाली. या सगळ्या उलट्या प्रवाहात वांद्र्याचे ते सरकारी विमा संचालनालय हा बाबासाहेबांच्या मागणीचा एक छोटासा, धूळ खाल्लेला तुकडा शिल्लक आहे. म्हणून आमची भूमिका स्पष्ट आहे. त्याच्या जागी खासगी दलाल आणण्याला विरोध. आणि त्याचबरोबर या संचालनालयाची आरतीही नाही. चंद्रपूरच्या मजुराला त्याचे नाव माहीत नसेल तर ती मक्तेदारी कुणाच्या उपयोगाची?

गडचिरोलीत हा प्रश्न आणखी टोकदार होतो. १ मे २०१९ ला, कामगार दिनीच, कुरखेडा तालुक्यात दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहने नक्षलवाद्यांनी जाळली. त्याच दिवशी जांभुळखेड्याच्या स्फोटात १५ पोलीस जवान आणि त्यांच्या खासगी वाहनाचा चालक मारले गेले. जवानांमध्ये आपल्याच जिल्ह्यांतली पोरे होती. त्या चालकासारखा रोजंदारीवरचा माणूस आणि जळालेले यंत्र, दोघांकडे विम्याच्या दृष्टीने बघा. न्यूयॉर्कवरच्या २००१ च्या हल्ल्यानंतर जगातल्या पुनर्विमा कंपन्यांनी दहशतवादाची जोखीम घेणे थांबवले, तेव्हा भारतातल्या विमा कंपन्यांनी एकत्र येऊन एप्रिल २००२ मध्ये या जोखमीचा सामायिक निधी उभा केला. आज जादा हप्ता भरून पोकलेन, टिप्पर, हॉट मिक्स प्लांट यांना ते संरक्षण घेता येते. मालमत्तेसाठी सात महिन्यांत सगळ्या कंपन्या एका टेबलावर बसल्या. पेटी कंत्राटदाराच्या मजुरासाठी असा निधी गेल्या शंभर वर्षांत कुणाला सुचला नाही.

सिरोंच्याजवळ गोदावरीवरच्या मेडिगड्डा बंधाऱ्याचे खांब २१ ऑक्टोबर २०२३ ला खचले. उद्घाटनाला पाच वर्षेही झाली नव्हती. दुरुस्तीचा खर्च कुणाचा, दोष-दायित्वाची मुदत संपली की नाही, यावर तेलंगणात किती खल झाला! अलीकडे महाराष्ट्राच्या काठावर जमीन गेलेला सिरोंच्याचा शेतकरी मोबदल्यासाठी आंदोलने करत होता, त्याच्याबद्दल एवढी बारीक कलमे कुणी वाचली नाहीत.

आता थोडे घरात बघू. सरकारी कामांतला ठरावीक वाटा मजूर सहकारी संस्थांना आणि सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना राखीव असतो. धोरण चांगले आहे, आपलीही पोरे त्यातून उभी राहिली. पण अशा मजूर संस्था आम्ही पाहिल्या आहेत की ज्यांचे अध्यक्ष चारचाकीतून येतात आणि ज्यांच्या कामावरचा मजूर संस्थेचा सभासदच नसतो. आपल्या वस्तीतले समाजमंदिर, विहाराचे सभागृह, वस्ती विकासाच्या निधीतला सिमेंट रस्ता, ही कामे आपणच मंजूर करून आणतो, भूमिपूजनाला निळे फेटे बांधतो. त्या कामावरच्या मजुराची पॉलिसी आपण एकदा तरी मागितली का? कंत्राटदार आपला असला की प्रश्न विचारायला संकोच वाटतो. बाबासाहेबांच्या नावाच्या सभागृहावरून पडलेल्या मजुराच्या घरी ५० हजार घेऊन जाणारा मुकादम जय भीम म्हणत असेल, तर तो कागद वैध होत नाही.

मागणी अगदी साधी आहे. कामाच्या जागी जो फलक असतो, ज्यावर कामाचे नाव, किंमत, कंत्राटदार आणि आमदारांचे नाव मोठ्या अक्षरात असते, त्याच फलकावर मजुरांच्या विमा पॉलिसीचा क्रमांक, मुदत आणि किती मजुरांचा विमा हे लिहा. पेटीवाल्याचे मजूर धरून. पॉलिसी हातात आल्याशिवाय काम सुरू करू देऊ नका, नंतरची कपात आम्हाला मान्य नाही. यासाठी नवा कायदा लागत नाही, कार्यकारी अभियंत्याची सही पुरते.

आणि तो करत नसेल तर आपल्या हातातही काही आहे. निविदा ई-निविदेच्या संकेतस्थळावर असतात, विम्याचे कलम तिथे वाचा. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांपर्यंत. तेवढे पुष्कळ झाले. मजुरांच्या पॉलिसीची प्रत, त्यात दाखवलेली मजूरसंख्या आणि हप्ता भरल्याची तारीख मागा, आणि ती तारीख कार्यारंभ आदेशाच्या तारखेशी लावून बघा. पेसा क्षेत्रातल्या गावांकडे याहून धारदार हत्यार आहे. पंचायतीने योजनांवर खर्च केलेल्या निधीचे उपयोगिता प्रमाणपत्र तिथे ग्रामसभेकडून घ्यावे लागते. मेंढा-लेखासारख्या गावांनी बांबू स्वतः विकून दाखवला, कित्येक ग्रामसभा तेंदूपत्त्याचे लिलाव स्वतः करतात, ठेकेदाराकडून करारनामे लिहून घेतात. त्यांना ‘मजुरांची पॉलिसी दाखवा, मग प्रमाणपत्र’ एवढा ठराव लिहिणे अवघड नाही.

दरवर्षी १५-१६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर हजारो मजूर कुटुंबे येतात. यंदा पुस्तकांच्या दुकानांच्या रांगेत आम्ही एक टेबल लावणार आहोत. ज्यांच्या घरातला माणूस गेल्या दोन वर्षांत कामावर गेला किंवा जायबंदी झाला, त्यांनी असतील ते कागद घेऊन यावे. सही केलेला कागदही आणावा, त्याला घाबरू नये.

सावलीच्या प्रकरणात आयुक्तांपुढे अर्ज तयार होतो आहे. कंत्राटदारासोबत सरकारी विभागालाही सामनेवाला केले आहे. अडचण आहे ती मजुरीच्या पुराव्याची, कारण मुकादम म्हणतो, हा माणूस कामावर नव्हताच. मग ५० हजार कशाचे दिले, असे आम्ही विचारले तर म्हणाला, माणुसकी म्हणून. परवा त्याच्या बायकोने एक छोटी वही काढून दिली. त्यात दिवसागणिक हजेरी आहे, शनिवारच्या बाजाराला किती उचल घेतली ते आहे, आणि दोन ठिकाणी मुकादमाच्या हातचे आकडे आहेत.